ट्रान्समीटरची वाटणी

मी, श्रीमती राजकन्या किशनराव घोणसीकर, वय एकसष्ट, राहणार नांदेड, हे मृत्युपत्र माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून माझ्याच हाताने लिहीत आहे. माझे मन ठिकाणावर आहे. शरीराचे तसे सांगता येत नाही. हृदयाची झडप झिजत चालली आहे आणि शस्त्रक्रियेला मी नको म्हटले आहे. हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही, कोणी भीती दाखवलेली नाही. भीती दाखवायलाही घरात सध्या कोणी नसते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, पुन्हा करीन असे वाटत नाही.

१. नांदेडचे राहते घर माझी मुलगी पुनम व मुलगा हरिओम यांना समान वाट्याने मिळावे. पुनम लातूरला असते आणि वरचेवर येते. हरिओम हैदराबादला असतो आणि येत नाही. तो येत नाही म्हणून त्याचा वाटा कमी करावा असे कोणी सुचवल्यास त्यांनी कलम चार वाचावे. घर विकायचे तर विकावे. गच्चीवर माझ्या दिवंगत यजमानांनी वाऱ्याची दिशा बघायला कापडी नळी टांगली आहे, माझ्या जुन्या नारिंगी साडीची. ती फाटून पडेपर्यंत काढू नये.

२. बँकेतली रक्कम दोघांना समान. दागिने पुनमला. शिलाई मशीन माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या अयोध्याला द्यावे. ती मागणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

३. यजमानांचे वीज मोजायचे मीटर, वायरींना डाख द्यायचा कैया, पक्कड आणि हलक्या लाकडाच्या उरलेल्या पट्ट्या मी शिकले त्या कॉन्व्हेंटच्या प्रयोगशाळेला द्याव्यात. तिथे आम्हाला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सिस्टर म्हणत, बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर दोष कुणाचा ते कधीच कळत नाही. हे वाक्य मला संसारात फार उशिरा उपयोगी पडले.

४. ट्रान्समीटर, म्हणजे खेळण्यातले विमान जमिनीवरून उडवायचा तो दोन दांड्यांचा काळा डबा, हरिओमला द्यावा. याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे.

माझे यजमान वीज मंडळात होते. विमाने हा त्यांचा छंद. हरिओम दहावीत असताना त्यांनी एक मोठे पिवळे विमान बांधले. खंडेनवमीला ते घरातली सगळी हत्यारे पाटावर मांडून पूजा करीत. पेचकस, कैया, ट्रान्समीटर, सगळ्यांना ओले कुंकू. आदल्या दिवशी बॅटरी पूर्ण चार्ज केली होती. पूजेनंतर हरिओमने एकदा विमानाचे पंख हलवून पाहिले आणि वडिलांच्या सांगण्यावरून स्विच बंद करून डबा कपाटात ठेवला.

दिवाळीत आम्ही जळकोटला, माझे धाकटे दीर निवृत्ती यांच्या शेतात गेलो. भाऊबीजेला सारे घर बांधावर जमले. विमान उठले, विहिरीवरून फिरून आले, सासूबाईंनी हात जोडले. मग यजमानांच्या हातातला डबा बॅटरी संपल्याने किरकिरला आणि गप्प झाला. विमान निवृत्तीच्या पत्र्याच्या शेडवर जाऊन आदळले.

निवृत्ती हसत म्हणाले, "दादा, पाखरू लई लवकर दमलं की तुमचं."

यजमानांनी सगळ्यांदेखत हरिओमच्या मुस्काटात मारली. म्हणाले, "एक बटण बंद करता येत नाही तुला. तुझ्या भरवशावर काय सोपवायचं माणसानं?"

मी मधे पडले. म्हणाले, अहो, त्याने बंद केलं असेल.

त्या दिवसापासून यांनी मुलाच्या हातात काही दिले नाही. स्कूटरची किल्ली नाही, बँकेचे काम नाही, पुनमच्या लग्नात पाहुण्यांची यादीसुद्धा नाही. निवृत्तीने त्याचे नाव 'बॅटरी' ठेवले. लग्नकार्यात, भरल्या पंगतीत हाक यायची, "काय बॅटरी, चार्ज हायस का न्हाई?" मुलगा हसायचा आणि पान अर्धे टाकून उठायचा. वडील वारले तेव्हा घरातून त्याच्या हातात पहिल्यांदा काही दिले गेले, ते विस्तवाचे मडके.

यांच्यामागे खंडेनवमीची पूजा मी चालू ठेवली. ट्रान्समीटर चार्ज करून पाटावर ठेवायचे, कुंकू लावायचे नाही, विधवेने लावू नये म्हणतात म्हणून. दिवाळीनंतर पाहावे तर बॅटरी मेलेली. म्हातारी झाली असेल म्हणून नवी आणली. तीही मेली. तेव्हा मला सिस्टर आठवल्या.

बॅटरी डब्यातून काढून नुसतीच कपाटात ठेवली. भरलेली राहिली. म्हणजे दोष तिचा नव्हे. परत आत बसवली, स्विच बंद ठेवले. पुन्हा उतरली. मग यांचे मीटर मधे जोडून पाहिले, तर स्विच बंद असतानाही थोडा थोडा प्रवाह वाहत होता. मागचे झाकण उघडून एकेक वायर सोडवत गेले. चार्जिंगच्या भोकाची वायर सोडवताच आकडा शून्यावर आला. हे भोक स्विचला विचारत नाही, थेट बॅटरीला जोडलेले असते. आणि ते कुंकवाने बुजले होते.

डब्याच्या मधोमध, दांड्यांच्या वर ते गोल भोक आहे. यांना तिथे कपाळ दिसत असणार. वर्षानुवर्षे ओले बोट नेमके तिथेच टेकवले होते. हवेतली ओल धरून ते कुंकू बॅटरी पीत राहायचे. मी सुईने ते खरवडले, स्पिरिटने पुसले. त्यानंतर चार्ज केलेली बॅटरी संक्रांतीपर्यंत तशीच राहिली.

मी हरिओमला फोन केला. सगळे सांगितले. तो म्हणाला, "आई, मला तेव्हा पक्कं आठवायचं, मी बंद केलं होतं. आता आठवतं ते खरं, का मीच मनानं रचलेलं, ते कळत नाही."

सून सांगते की तो घराबाहेर पडताना प्रत्येक बटण पाहतो, गॅस पाहतो, कुलूप ओढून पाहतो, आणि खाली गेल्यावर पुन्हा जिना चढतो.

ट्रान्समीटरसोबत एक कागदी पुडी आहे. तीत ते खरवडलेले कुंकू आहे. ते टाकू नये. तुझ्या वडिलांचे बोट त्यात आहे, बाळा, आणि ते बोट पूजेला उठले होते, तुझ्यावर नव्हे. मारणारा हात वेगळा धरता आला तर धर. नाही आला तरी माझे काही म्हणणे नाही.

५. जळकोटच्या जमिनीतला माझा हिस्सा निवृत्ती यांना द्यावा. अट एकच, त्यांनी हरिओमला हरिओम म्हणावे. वकील म्हणाले, ताई, ही अट कायद्यात बसत नाही. कायद्यात बसायची गरज नाही. भावजींच्या मनात बसावी. त्यांनी हे कलम पंगतीत, मोठ्याने वाचावे.

६. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम पुनमने करावे.

७. शेवटी, हा कागद नोंदला जाणार आहे हे जाणून, मी पूर्ण शुद्धीत खालील निवेदन करते. त्या खंडेनवमीला स्विच चालू राहिले असते, तर बॅटरी त्याच रात्रीत संपली असती आणि भाऊबीजेला विमान जमिनीवरून उठलेच नसते. ते उठले. विहिरीवरून फिरून आले. आम्ही सर्वांनी पाहिले आणि कोणीही विचार केला नाही. माझा मुलगा हरिओम किशनराव घोणसीकर याने स्विच बंद केले होते.

केले असेल असे नव्हे. केले होते.

ठिकाण: नांदेड
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

(सही) राजकन्या किशनराव घोणसीकर

वरील मजकूर बाईंनी आम्हाला वाचून दाखवला, कलम सात दोनदा, आणि आमच्यासमोर सही केली.

साक्षीदार:
१. (सही) वीरण्णा मडिवाळप्पा हत्ते, शेजारी
२. (सही) पार्वतीबाई रामकिशन इंगळे, निवृत्त परिचारिका