बाबांसाठी बंदूक

६ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबा आज बोलले! डॉक्टरांकडून परत येताना जुन्या सामानाच्या दुकानापुढे थांबले. काचेमागे छऱ्याची बंदूक उभी होती. नळीभर गंज, लाकडी दस्त्याला चीर. दोन मिनिटं टक लावून पाहिलं आणि म्हणाले, "गंजलीय बिचारी. पण स्प्रिंग शाबूत असणार." बस, एवढंच. पुढे घरापर्यंत गप्प.

आई गेल्याला आठ महिने झाले. तेव्हापासून खिडकीजवळची खुर्ची आणि बाबा. 'जेवलात?' — 'हं.' 'फिरून येऊ या?' — 'कशाला?' चाळीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त केलेला माणूस. आईच्या आजारपणात दुकान बंद केलं, हत्यारांची पेटी कॉटखाली गेली ती गेलीच. आज पहिल्यांदा आपणहून एक पूर्ण वाक्य बोलले. तेही बंदुकीबद्दल!

७ फेब्रुवारी, शनिवार

दातांच्या लॅबमधून कामावरून येताना एकटीच त्या दुकानात शिरले. दुकानदाराचा एक चष्मा नाकावर, एक कपाळावर. मी त्याचं नाव दोनचष्मे ठेवलंय. म्हणाला, "चालत नाही ती, बाई. शोभेला न्या."

चालत नाही, हेच तर हवंय! चालू असती तर बाबांनी काय दुरुस्त करायचं? उचलून पाहिली. जड आहे. बोटं तांबडी झाली, साबणानंही लवकर निघेनात. घ्यावी का?

८ फेब्रुवारी, रविवार

दादाला फोन केला. उगाच केला. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? माणूस म्हणतो जगण्यात राम नाही, आणि तू त्याच्या हातात बंदूक देणार?" मी म्हटलं, अरे छऱ्याची आहे. "डोळा जातो तिनं!" म्हणाला. मी फोन आपटला. लांब राहून सल्ले द्यायला याचं काय जातं?

पण त्याचं खरं असेल तर? गेल्या महिन्यात बाबांच्या झोपेच्या गोळ्या मी माझ्या कपाटात आणून ठेवल्या. रोज एकच काढून देते. दादाला हे माहीत नाही. इथंही आजच लिहितेय.

१० फेब्रुवारी, मंगळवार

जेवताना पुन्हा खडा टाकून पाहिला.
"बाबा, तुम्ही बंदूक चालवायचात ना?"
"लग्नाआधी."
"नेम चांगला होता?"
"वाईट नव्हता."
"छर्रे कुठे मिळतात हो?"
घास हातात तसाच राहिला. माझ्याकडे बराच वेळ बघत होते. "तुला कशाला?"
"सहज."

काल हाच विषय, आज हाच. उद्या जरा दम धरायला हवा. पण बोलतात तरी!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

एका गिऱ्हाइकाच्या कवळीत वरचे दात खाली बसवले! साहेब म्हणाले, "लक्ष कुठाय तुमचं?" बंदुकीत, साहेब, बंदुकीत.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा दुकानात गेले. अर्धी नळी स्वच्छ! काळीभोर, तेल लावलेली. दोनचष्मेला फैलावर घेतलं — मी सारखी येते हे पाहून भाव वाढवायला घासतोस काय? तर म्हणे, "मी बोटसुद्धा लावलेलं नाही. शप्पथ!" चोर तो चोर, वर शिरजोर. वरून मलाच विचारतो, "बाई, घ्यायचीय की नुसती बघायचीय?"

राग भावाचा नाही. सगळा गंज यानंच काढला तर बाबांना काय उरणार?

१६ फेब्रुवारी, सोमवार

बाबांनी आज भाजी मागून घेतली. दुसऱ्यांदा! "मीठ बरोबर झालंय," म्हणाले. आठ महिन्यांत माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायचीसुद्धा त्यांना इच्छा नव्हती. मी मोरीत जाऊन डोळे पुसले. त्यांची नखं मात्र काळीकुट्ट. दिवसभर पेपर चाळत बसतात, शाई लागत असेल.

नव्या डॉक्टरांनी दिलेलं टॉनिक लागू पडलं म्हणायचं! आधीच्या डॉक्टरांनी नुसताच वेळ घालवला.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दादाचा आपणहून फोन आला. आवाज मऊ. टॉनिकचं सांगितलं तर खूश झाला. मग गोळ्यांचंही सांगून टाकलं. दादा म्हणाला, "एकटी हे सगळं करत होतीस होय गं?" शेवटी बंदुकीलाही कबूल झाला — "घे. पण छर्रे तुझ्या कुलपात."

नुसत्या टॉनिकानं किती दिवस निभणार? हाताला काम हवंच. परवा आणणार. ठरलं!

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आणली नाही.

दोनचष्मेनं बंदूक काउंटरवर ठेवली. दस्त्याची चीर सांधलेली. मी दोष शोधायला म्हणून वाकले आणि पेच दिसले. चार पेच, चारही स्क्रूंच्या खाचा उभ्या, अगदी एका रेषेत. बाबा! 'पेच घट्ट झाला म्हणजे काम झालं असं नाही, खाच सरळ आली म्हणजे झालं' — हे ऐकत मी लहानाची मोठी झाले. आमच्या घरातल्या एकूण एक बिजागरीचे पेच असेच आहेत.

"इथं कोण येतं?" मी विचारलं. दोनचष्मेनं दोन्ही चष्म्यांची अदलाबदल केली, घसा साफ केला. "कुणाला सांगायचं नाही असं बजावलंय त्यांनी." मी हललेच नाही. मग म्हणाला, "रोज दुपारी दोनला येतात. हत्यारं घरून आणतात. चामड्याचा वॉशरसुद्धा स्वतः कापला. साडेचार वाजले की उठतात. लेक यायच्या आत खुर्चीत बसायला हवं म्हणतात."

तिथल्या मोडक्या स्टुलावर बसून मी भरदुकानात रडले. आणि मी मारे टॉनिकचे गोडवे गात होते!

मग अक्कल आली. बंदूक घरी आणली तर बाबा पुन्हा त्याच खोलीत. इथं यायचं तर शर्ट बदलावा लागतो, जिना उतरावा लागतो, कुणाशी तरी चार शब्द बोलावे लागतात. म्हणून घ्यायचीच नाही. दोनचष्मेला बजावलं, विकायची नाही, कुणालाही नाही! "मग मी दुकान कशाला मांडलंय, बाई?" म्हणाला. पण मान डोलावली. बरा माणूस आहे. उगाच चोर म्हटलं त्याला.

घरी आले तर बाबा खुर्चीत. "काय केलंत दिवसभर?"
"काय करणार? बसलो होतो."
"बरं," म्हटलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

बाबा दुपारी बंदूक घरी घेऊन आले. दोनचष्मे काही केल्या विकत नव्हता म्हणे, तासभर हुज्जत घातली. घाम पुसत माझ्या हातात ठेवली. "रोज तोच विषय काढत होतीस. त्यात तो म्हणाला, एक बाई सारखी येते, बघते नि तशीच जाते. तेव्हाच ओळखलं. मागायला लाज कसली गं? म्हटलं, देईन तर नीट करूनच."

मला फुगा फुटला तरी दचकायला होतं! "हो बाबा," म्हटलं, "केव्हापासून हवी होती."

उद्या सकाळी सातला गच्चीवर नेम शिकायचा. उशीर चालणार नाही म्हणालेत.