दोनशे बारा हिरवे चौकोन

सोमवार, ३ मार्च

शिसारी आली. दुसरा शब्द नाही.

सकाळच्या मीटिंगमध्ये उत्तमरावांनी बोर्ड दाखवला. आमचे डायरेक्टर. खरं नाव वेगळं, पण माणूस कशालाही ‘उत्तम, उत्तम!’ म्हणतो. मागे सर्व्हर चार तास बंद पडला तेव्हाही म्हणाले, ‘उत्तम! आत्ताच कळलं ते बरं झालं.’ तर बोर्डावर दोनशे बारा चौकोन. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी लिहून दिलेली एकेक मागणी म्हणजे एकेक चौकोन. तपासणीत पास झाली की हिरवा, नाहीतर लाल. आज दोनशे बाराच्या दोनशे बारा हिरवे! टाळ्या. केक. खोलीला खिडकी नाही, कुणाचे तरी ओले बूट टेबलाखाली — त्या वासासकट सगळ्यांनी केक खाल्ला. मीही खाल्ला.

अठरा तारखेला शहराच्या अ‍ॅम्ब्युलन्स कंट्रोल रूममध्ये आमचं सॉफ्टवेअर सुरू होणार. फोन आला की पत्ता घ्यायचा, जवळची गाडी शोधायची, धाडायची. ‘तयार आहे’ या कागदावर शेवटची सही माझी, प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून. बावीस वर्षं या धंद्यात काढली, इतका हिरवा बोर्ड पाहिलेला नाही. इतकं हिरवं फक्त शेवाळं असतं.

मंगळवार, ४ मार्च

सही मागायला उत्तमराव दोनदा येऊन गेले. ‘फॉर्मॅलिटी आहे हो.’ म्हटलं, मला आधी कंट्रोल रूमच्या माणसांना चालवून बघू द्या. तोंड कडू केलं, पण हो म्हणाले.

दिवसभर फाइली चाळल्या. मागण्या लिहून घेणारा म्हणतो, मी लिहून दिलं. प्रोग्रॅमर म्हणतो, लिहून आलं ते केलं. टेस्टर म्हणते, मिळालेल्या नऊ दिवसांत झालं तेवढं तपासलं. चालवणारे म्हणतात, आमच्याकडे अजून आलंच कुठे! वर्षभर सगळे एकमेकांच्या अंगावर कागद टाकतायत. वाचलाय कुणी? कुणीच नाही. मागणी क्रमांक सत्त्याण्णवमध्ये अर्धं वाक्य आहे, पुढे काहीच नाही. तीही हिरवी.

गुरुवार, ६ मार्च

कंट्रोल रूमला गेले. लांबट खोली, आठ टेबलं, भिंतीवर शहराचा नकाशा. नकाशा जिथे बोटं लागतात तिथे काळा पडलाय. तिथल्या सगळ्यांत जुन्या ऑपरेटर, सगळे त्यांना मावशी म्हणतात. एकतीस वर्षं फोन घेतायत. कानाला इअरफोन, पायात घरच्या सपाता. माझ्याबरोबर आलेल्या आमच्या प्रोग्रॅमरने ऐटीत दाखवलं — हा फोन आला, हा पत्ता, ही गाडी निघाली.

मावशी म्हणाल्या, ‘छान आहे रे. आता मी फोन ठेवते.’

‘का?’

‘का म्हणजे? लोक पडतात, फोन हातातून सुटतो. बेशुद्ध होतात. बॅटरी जाते. निम्मे फोन असेच तुटतात बाबा.’ आणि ठेवला.

पडदा कोरा झाला. पत्ता गेला. गाडी गेली. सगळं गेलं.

मावशींनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याला नाक लावलं. ‘अरे, माझा माणूस कुठं गेला?’

प्रोग्रॅमर म्हणाला, फोन तुटला की सिस्टिम पुढच्या फोनसाठी मोकळी होते, तशीच रचना आहे. अगदी अभिमानाने! मावशी त्याच्याकडे बघून नुसत्या ‘हं’ म्हणाल्या. तो ‘हं’ अजून कानात आहे. लाज वाटली. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

फोन तुटला तरी नोंद पडद्यावर राहिली पाहिजे — ही मागणी क्रमांक एक्केचाळीस. मावशींनी स्वतः सांगून लिहवून घेतलेली. आमच्या बोर्डावर हिरवी.

शुक्रवार, ७ मार्च

घोडं कुठे पेंड खातंय ते सापडलं.

एक्केचाळीस नंबरच्या चौकोनाला कुठली तपासणी जोडलीय ते उघडून पाहिलं. तपासणीचं नाव — ‘पान उघडते’. बस्स! पडद्यावर पहिलं पान उघडलं की पास. मग बेचाळीस पाहिली. तिलाही ‘पान उघडते’. त्रेचाळीस. चव्वेचाळीस. एकशे शहाऐंशी मागण्यांना ही एकच तपासणी टांगलेली! एक पान उघडतं आणि एकशे शहाऐंशी चौकोन एका दमात हिरवे होतात. उरलेल्या सव्वीसच काय त्या खऱ्या.

आणि बोर्ड काय मोजतो? तपासणी जोडलीय का, पास झाली का. काय तपासलं ते विचारायचं कुणाच्या बापाला सुचलं नाही. दर सोमवारी आम्ही चाळीस मिनिटं त्या रंगांकडे बघत बसतो.

‘तयार करणारी’ या रकान्यात टेस्टरचं नाव. कंत्राटावर आलेली, गप्प, नाकासमोर चालणारी बाई. मला ती बरी वाटायची! कोपऱ्यात बसते, डबा एकटी खाते. असल्या गरीब चेहऱ्याखाली हे! असा संताप आला! चहा ओतून दिला, पिववेना.

रविवार, ९ मार्च

मामंजी सकाळपासून दाराच्या कडीला तेल घालतायत. ऐंशीला दोन कमी. आम्ही दोघं कामावर गेलो की दिवसभर घरी एकटे. मागच्या वर्षी बाथरूममध्ये पडले, अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर फिरवला, पत्ता अर्धा सांगितला आणि फोन हातातून सुटून बादलीत. तेव्हा फोनवरच्या बाईने अर्ध्या पत्त्यावर गाडी काढली, ती गाडी गल्लीत घरं विचारत विचारत आली. कागदावर लिहून घेतला होता पत्ता, म्हणून राहिला. आमचं सॉफ्टवेअर असतं तर मामंजी गेले असते. इतकं साधं आहे हे.

त्यांना सांगितलं नाही. त्यांनीच विचारलं, ‘सुनबाई, तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?’

म्हटलं, ऑफिस.

‘मग बरोबर आहे,’ म्हणाले आणि पुन्हा कडीकडे वळले.

सही करणार नाही. ठरलं. नोकरी गेली तरी बेहत्तर!

सोमवार, १० मार्च

मीटिंगमध्ये सगळं उघडं केलं. ‘पान उघडते’ मोठ्या पडद्यावर लावलं आणि एकेक चौकोनावर टिचकी मारत गेले. तेच, तेच, तेच. विसाव्या टिचकीला उत्तमरावांची मान खाली. त्यांच्या तोंडून ‘उत्तम’ निघालं नाही, हे पहिल्यांदाच.

टेस्टर म्हणाली, ‘हे मी केलेलं नाही. ते आधीपासून होतं.’

‘आधीपासून म्हणजे? जन्मापासून?’ मी म्हटलं. सगळे हसले. बरं वाटलं हसले ते, खोटं कशाला लिहू.

ती हसली नाही, रडलीही नाही. माझ्याकडेच बघत राहिली. जणू आता मीच काही बोलणार होते. मग वही मिटली. चोराच्या उलट्या बोंबा तरी माराव्यात माणसाने! हिची ती गप्प नजर मला जास्त किळसवाणी वाटली.

मंगळवार, ११ मार्च

उत्तमरावांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. टेबलावर त्यांच्या मुलींचे फोटो, प्लास्टिकचं झाड, झाडावर धूळ.

‘तारीख पुढे नेतो,’ म्हणाले. ‘तीन आठवडे देतो. पण वर काहीतरी सांगावं लागेल. असं कसं झालं, कुणामुळे झालं. तुम्ही लिहा. एक नाव द्या, म्हणजे बाकीचं मी बघतो.’

नाव त्यांना माहीत होतं. मलाही. पण कागद माझ्या हातचा हवा! बेरकी माणूस.

नवऱ्याला सांगितलं. तो शाळेत भूगोल शिकवतो, त्याला सगळं नकाशावर दाखवावं लागतं. ऐकून म्हणाला, ‘तिला एकदा नीट विचारलंस का?’

‘भर मीटिंगमध्ये विचारलं.’

‘ते विचारणं नव्हे गं.’

वकील भेटला मला! म्हटलं, रकान्यात नाव आहे, आणखी काय पुरावा हवा? उशी घेऊन तो बाहेरच्या खोलीत गेला. जाऊ दे.

बुधवार, १२ मार्च

लिहिलं. साडेचार ओळी. पाठवलं.

शुक्रवार, १४ मार्च

टेस्टर गेली. कंत्राट तिथल्या तिथे संपवलं. जाताना माझ्या टेबलापाशी आली. पिशवीत एक कप, एक स्वेटर, एक जाड वही. ‘येते मॅडम,’ एवढंच. मी ‘हं’ म्हटलं. आजूबाजूचे सगळे आपापल्या पडद्यात तोंड खुपसून! काल तिच्याबरोबर लिफ्टमध्ये गप्पा मारणारे. कुत्रं विचारत नाही म्हणतात ते हेच. मला त्यांचीच जास्त किळस आली.

तिच्या घरी कोण असतं, माहीत नाही. कधी विचारलं नव्हतं.

सोमवार, १७ मार्च

खरी तपासणी सुरू झाली. आज बोर्ड उघडला — अठ्ठ्याण्णव लाल! बघून कुणीतरी म्हणालं, ‘अपशकुनी दिसतं.’ म्हटलं, दिसू दे. पहिल्यांदा खरं दिसतंय.

आतून काय काय निघतंय, देवा! नदीच्या पलीकडची गाडी ‘जवळची’ म्हणून धाडतं — पूल दोन मैलांवर असला तरी. एकाच अपघाताचे पाच फोन आले की पाच गाड्या. ड्रायव्हरने नकार दिला तर कुणालाच कळत नाही. वर्षभर आम्ही हे दर सोमवारी हिरवं म्हणून मिरवलं. मोरी उपसावी तसं एकेक बाहेर काढतेय. हात धुतले तरी वास जात नाही.

पण माणसं कामाला लागलीयत. तो ऐटीतला प्रोग्रॅमरसुद्धा. त्याने एक्केचाळीस नंबर स्वतःहून घेतला.

गुरुवार, २० मार्च

मावशी आल्या होत्या. सपाता पिशवीत घालून आणल्या, आमच्या ऑफिसात बसून बदलल्या. फोन लावला, अर्धा पत्ता सांगितला, ठेवला. नोंद पडद्यावर तशीच! वर लाल पट्टी — ‘फोन तुटला, परत लावा’. मावशींनी तीनदा ठेवून पाहिला. तीनदा राहिली.

‘आता माझा माणूस हरवणार नाही,’ म्हणाल्या आणि प्रोग्रॅमरच्या पाठीत धपाटा घातला. त्याचे डोळे भरले. माझेही. ऑफिसात मला पहिल्यांदा शिसारी आली नाही.

पण दिवस असा सरळ संपेल तर ना!

दुपारी सर्व्हर सांभाळणारा माणूस म्हणाला, ‘मॅडम, ते पान उघडते काढून टाकलंत, पण पुढच्या प्रोजेक्टमध्ये परत येईल हं.’ म्हटलं, कसं? म्हणाला, आपल्याकडे नवा प्रोजेक्ट रिकामा कधीच उघडत नाही. एका जुन्या प्रोजेक्टची नक्कल होते, तो कंपनीने आदर्श म्हणून ठेवलाय. मागण्यांचे क्रमांक, त्यांना टांगलेल्या तपासण्या, सगळं जसंच्या तसं उतरतं. मागण्यांचा मजकूर तेवढा बदलतात. आणि नक्कल करणाऱ्याचं नाव ‘तयार करणारी’ म्हणून आपोआप लागतं.

‘मग मूळ कुणी केलं?’

‘ते जुन्यात दिसेल. एरवी तो बंद असतो, नक्कल करतानाच उघडतात. उद्या उघडून देतो.’

म्हणजे टेस्टरने केलंच नव्हतं! ती म्हणाली होती, आधीपासून होतं. आणि मी सगळ्यांना हसवलं.

आता रडत बसायचं नाही. उत्तमरावांना सांगितलं, कागद मागे घेते, तिला परत बोलवा. म्हणाले, ‘बोलवू, पण मग दुसरं नाव लागेल.’ देते ना! उद्या त्या मूळ पुरुषाला शोधून काढते. कितीही मोठा असो. ज्याने पहिल्यांदा ही घाण करून ठेवली आणि इतकी वर्षं आम्हाला तिच्यात लोळवलं, त्याचं नाव साडेचार ओळींत नाही, पानभर लिहीन.

शुक्रवार, २१ मार्च

उघडलं. सहा वर्षांपूर्वीचा एक शुक्रवार. ‘पान उघडते’. तयार करणारी — मी. शेजारी टीप: ‘डेमोपुरतं. सोमवारी काढणे.’

टेस्टरला फोन केला. म्हणाली, ‘हो, पहिल्याच आठवड्यात नक्कल करताना पाहिलं होतं तुमचं नाव. काढू का म्हणून तुम्हाला लिहिलंही होतं. नंतर बघू, म्हणालात.’

‘मग मीटिंगमध्ये का नाही बोललात?’

‘मला वाटलं, तुम्हाला आठवतंय, मॅडम.’