मागचा व्हरांडा, सागवानी

३ जून
शशिकला नागपूरला गेली, भावाकडे. निघताना म्हणाली, अहो, मागचा व्हरांडा मोकळा झाला की कळवा, मग येते. तिथे तिचं शिलाईमशीन असायचं. आता माझं वर्कशॉप आहे. मशीन न्हाणीघराबाहेर सुखरूप आहे, वर फक्त बादल्या. उन्हाळ्यात बायका माहेरी जातातच. काही वाटलं नाही.

५ जून
निश्चय. ती यायच्या आत लाकडी पझल तयार. आमच्याच क्वार्टरचा नकाशा, एकेक खोली म्हणजे एकेक तुकडा. बघून विरघळेल. उभा जन्म कारखान्यात इन्स्पेक्शनला काढला. माप म्हणजे माप.

८ जून
लाकूड कारखान्याच्या लिलावातलं, ट्रान्सफॉर्मरच्या खोक्यांचं. अख्ख्या टाउनशिपचे पलंग याच लाकडाचे. स्वयंपाकघर कापताना चिरलं. शेजारचा नीळकंठ म्हणाला, दादा, ये तो गया. त्याला समजावलं, आमच्याकडे जॉब चुकला म्हणून फेकत नाहीत. माप किती चुकलं याची डेव्हिएशन नोट लिहायची, दोन सह्या घ्यायच्या, जॉब पास. म्हणाला, दुसरी सही कोणाची? म्हटलं, तुझी. केली बिचाऱ्याने. चहा पिऊन गेला.

१४ जून
बैठकीची खोलीही चिरली. हाताचा दोष नाही. खोक्याचं लाकूडच नालायक.

१५ जून
घरात अस्सल सागवान असताना मी वणवण करत होतो! मशीनची वरची फळी. सासूबाईंच्या वेळची. फळी काढली तरी मशीन मशीनच राहतं. बादल्या स्टुलावर ठेवल्या.

२२ जून
नीळकंठकडे नागपूरचा फोन. झाला का मोकळा? म्हटलं, सरप्राइज आहे. म्हणाली, सरप्राइज नको, जागा हवी. माझी ब्लाउजची गिऱ्हाइकं ती मागच्या गल्लीतली शिवणारी मंगला पळवतेय. आवाज खुशीत वाटला. मग लाइन कटली. टेलिफोन खात्याचा कारभार.

३ जुलै
पझल पूर्ण. केसाची फट नाही. मात्र दमट हवेने तुकडे फुगले, आता सुटत नाहीत. नीळकंठ म्हणाला, दादा, पाट मस्त जमलाय. बसून पाहिलं. बसता येतं.

४ जुलै
हातोडीने सोडवलं. व्हरांडा सर्वांत आधी निघाला. पुन्हा जुळवून टेबलावर ठेवलं.

९ जुलै
शशिकला आली! न कळवता. म्हणजे ओढ असणार. सोबत तिचा भाऊ उदय. तो म्हणाला, भाऊजी, मशीन न्यायला आलोय. मशीनला फळी नाही हे तिने पाहिलं. मग टेबलावरचं पझल पाहिलं. व्हरांड्याच्या तुकड्यावर तेलाच्या कुपीचा गोल डाग राहिला होता. (रंधा फिरवायचा कंटाळा केला होता.) त्यावर तिने बोट फिरवलं. म्हणाली, आई कुपी इथेच ठेवायची. मी ती विरघळायची वाट पाहत होतो. म्हणाली, मोकळा करा म्हटलं होतं, कापा नव्हे. तेवढा तुकडा उचलून पर्समध्ये टाकला. मशीन टेम्पोत चढलं. चहा केला होता, तसाच राहिला.

१० जुलै
पझल पुन्हा तपासलं. बाकी क्वार्टर घट्ट. मागे तेवढं भोक. एवढ्यासाठी जॉब रिजेक्ट करण्यात अर्थ नाही. डेव्हिएशन नोट लिहिली, सही केली. नीळकंठकडे नेली. त्याने वाचली, चष्मा काढला, म्हणाला, दादा, ही सही माझी नाही हो, वहिनींची.
न्हाणीघराबाहेर बादल्या परत जमिनीवर ठेवल्या. व्हरांड्यात भुसा आहे, तो उद्या झाडीन. नोटेवर दुसऱ्या सहीची जागा तेवढी मोकळी ठेवली आहे.