तिसऱ्या रांगेतले ओठ

बर्लिन, ४ ऑक्टोबर १९२०
टेम्पलहोफच्या स्टुडिओत आज रुजू झाले. एगोननं, माझ्या थोरल्या भावानं शब्द टाकला. तो इथंच सुतार आहे. फ्रेंच राज्यक्रांतीवरचा मोठा मूकपट तयार होतोय. नवव्या वर्षी तापात माझे कान गेले, तेव्हापासून मी ओठ वाचते. आता तेच काम. पडद्यावर नट काय बोलतात ते पाहत वहीत टिपायचं, म्हणजे मजकुराच्या पाट्या नेमक्या जागी बसतात. फिल्मजोडणी विभागाच्या मीलेन्झबाई म्हणाल्या, गप्पांकडे कान देऊ नकोस असं जिला सांगावं लागत नाही, अशी तू पहिलीच. सगळ्या हसल्या, मीही हसले. संध्याकाळी एगोननं ‘ओटीच्या पहिल्या दिवसासाठी’ म्हणून खारवलेला हेरिंग मासा आणला.

७ ऑक्टोबर
आज पडद्यावर न्यायसभेचा प्रसंग. गर्दीसाठी तीनशे बेकार माणसं आणलेली. त्यांनी ‘डोकं उडवा’ असं ओरडायचंय. पण पुढची म्हातारी म्हणतेय, “त्या टकल्याला सांगा, सूप गार होतंय.” टकला म्हणजे दिग्दर्शक. बाईंना हसता हसता ठसका लागला.

८ ऑक्टोबर
तिसऱ्या रांगेतला एक माणूस ओरडत नाही. सरळ माझ्याकडे बघून सावकाश बोलतो: “लिश्टेनबर्ग. गेल्या वर्षीचा मार्च. आम्ही बंदुका खाली ठेवल्या होत्या.” लिश्टेनबर्ग म्हणजे शहराच्या पूर्वेची कामगारवस्ती; तिथं सरकारनं कामगारांचं बंड मोडलं, तेव्हाचं. बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, याचं तोंड तर मिटलेलं आहे.

११ ऑक्टोबर
फिल्मचा तुकडा तेवढाच, पण बोलणं रोज पुढे सरकतं. आज शेजारचे दोघंही बोलू लागले. “हुकूम कोणी दिला ते विचार.”

१२ ऑक्टोबर
आता सगळी गर्दी. तीनशे तोंडं, एकच नाव.
एगोन क्रापिट्झ.

१३ ऑक्टोबर
न्याहारीला विचारलं. त्या मार्चमध्ये तो सरकारी बाजूच्या पलटणीत होता, एवढंच मला माहीत. त्यानं पाव खाली ठेवला, माझ्याकडे पाठ केली आणि मग बोलला. खांदे हलताना दिसले. वळला तेव्हा एवढंच म्हणाला, “मला तो तुकडा दाखव.”

१४ ऑक्टोबर, दुपार
एगोन माझ्या मागच्या खुर्चीवर. दार आतून लावलंय. तुकडा सुरू झाला — टिपते आहे.
गर्दी गप्प. सगळे माझ्या खांद्यावरून मागे बघताहेत —
जमीन हादरली, तळपायांना कळलं. वळले. खुर्ची रिकामी. दाराची कडी तशीच —
पडद्यावर न्यायसभेपुढे एगोन. ओठ हलताहेत —
“सात जण होते, ओटी. सातवा अजून श्वास घेत होता, आणि मी —