नंदी कापलेला फोटो

२३ ऑगस्ट, शनि. तान्हा पोळा. सानगडी.
सकाळपासून दारात पोरांची रीघ. लाकडी नंदी ओढत येतात, नंदीला कुंकू लावा, पोराच्या हातावर बोजारा (सणाचा हक्काचा खाऊ नाहीतर नाणं) ठेवा, चला पुढचा. कंबर कामातून गेली. शेजारच्या सुधाकर ढिवराची श्रावणी (इयत्ता तिसरी, जीभ दहावीची) दोनदा आली. म्हटलं, "तुझा झाला ना वं?" तर म्हणे, "आजी, तो माह्या होता. हा नंदीचा." दिला. पन्नाशीत आजी झाले तीही हिच्यामुळेच.
माझ्या दारासमोरच्या तलावाच्या पलीकडच्या पाळीवर नागपूरचे छायाचित्रकारसाहेब (यापुढे छा. सा.) ठाण मांडून. काल माझ्याकडे चहाला आले होते. करकोच्यांसाठी आलेत. लेन्स हातभर लांब. "पलीकडच्या काठावरच्या पक्ष्याच्या चोचीतला मासा दिसतो, मॅडम." मी मूर्ख, हरखले. अर्धा कप वाढवून दिला.

१३ सप्टें., शनि.
सुधाकर तलावावर न जाता माझ्या दारात. मोबाइल पुढे केला. "काकू, हे आपली श्रावणीच होय ना?"
तीच. नागपूरच्या कुठल्याशा दालनात छा. सां.चं प्रदर्शन लागलंय, तिथला फोटो कोणीतरी गावच्या ग्रुपवर टाकला. श्रावणी, पाय अनवाणी, हात पसरलेला. वरून एक बांगड्यांचा हात त्यात काहीतरी टाकतोय. तो हात माझा. खाली नाव: 'हात पसरणारं बालपण'.
नंदी कुठाय? नंदी तिच्या मागे दोन हातांवर होता, चौकट दीड हातावर संपली. दोरी तेवढी राहिली, दुसऱ्या मुठीत. ती कशाची वाटत असेल बघणाऱ्यांना? अनवाणी, कारण नंदीपुढे चपला काढतात. फ्रॉक कोरा करकरीत पिवळा होता. साहेबांनी कृष्णधवल करून टाकला. गरिबीला रंग परवडत नाही.
आणि मी दानशूर! आयुष्यात पहिल्यांदा. तेही न विचारता.

१४ सप्टें., रवि.
गुजरीच्या बाजारात सुधाकर मासोळी घेऊन बसला होता. एक जण म्हणाला, "का बे सुधाकर, धंदा नाही चालून राहिला का? पोट्टीले भीक मांगाले धाडतेस म्हणे!" चार जण हसले. सुधाकर पाटी उचलून घरी. त्याची बायको रत्ना मात्र सगळ्यांच्या वाटचं बोलली. इथे लिहिण्यासारखं नाही, पण एकूण एक खरं.

१५ सप्टें., सोम.
श्रावणी शाळेत गेली नाही. वर्गात फोटो पोचलाय. 'भिकारीण' म्हणतात. म्हणणारे सगळे वीर पोळ्याच्या त्याच सकाळी माझ्याच दारातून बोजारा घेऊन गेले होते. तोंडं ओळखते मी.
छा. सां.ना फोन केला.
"मॅडम, हे कॅन्डिड असतं. विचारलं की मुलं पोज देतात. सहजता जाते."
"विचारलं असतं तर भीकही गेली असती."
"चित्राचा अर्थ ज्यानं-त्यानं लावायचा असतो."
"मग खाली नाव कोणी लावलं?"
इथे त्यांचं नेटवर्क गेलं.
रत्नाला कॅन्डिड म्हणजे काय ते समजावत होते, मूल बेसावध असताना, लांबून, त्याला कळू न देता... "म्हणजे चोरून," ती म्हणाली. वीस वर्षं दिवाळी अंकांत तिरकं लिहून मला इतकं सरळ जमलं नाही.

१७ सप्टें., बुध.
श्रा. तिसरा दिवस घरीच. दारात कोणी आलं की आत पळते. मी राजगिऱ्याचा लाडू पुढे केला. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले.
"ओट्यावर ठेव."
ठेवला. मी वळल्यावरही बराच वेळ तिथेच होता. मुंग्या आल्या, तेव्हा रत्नानं उचलला.
या पोरीनं दोनदा बोजारा नेला होता माझ्याकडून, हक्कानं, वाद घालून. त्या माणसानं...
राहू दे. पेनाचं टोक मोडेल.

१९ सप्टें., शुक्र.
छा. सां.चं पाकीट, सुधाकरच्या नावे. आत संमतीपत्र. तारीख छापलेली, २३ ऑगस्ट. म्हणजे बापानं सप्टेंबरात बसून ऑगस्टची परवानगी द्यायची. फोटो दिल्लीच्या स्पर्धेला जायचाय, पालकाची सही लागते. सही केल्यास नाव बदलून 'निरागस' करू. वर फ्रेम भेट. भिंतीवरून काढू, असं कुठेच नाही. सही करा, न करा, फोटो भिंतीवर राहणारच.
सुधाकर: "काकू, करू का सही? नाव तं बदलतो म्हणते थो."
रत्ना: "नाव बदलल्यानं तिचा हात मिटते का?"
दोघं माझ्याकडे बघत होते. मला कशावरही मत असतं. आज नव्हतं. सही नाही केली तर 'भिकारीण' तशीच भिंतीवर. केली तर दिल्लीला.

२१ सप्टें., रवि.
छा. सा. जातीनं आले, सही न्यायला. सुधाकरच्या ओट्याशी चपला काढू लागले. म्हटलं, "चपला राहू द्या. गळ्यातलं काढा." कॅमेरा गाडीत ठेवून आले, चेहरा पाडून.
सुधाकर: "पहिले भिंतीवरून काढा साहेब. मंग कागदाचं पाहू."
"तो निर्णय दालनाचा असतो."
"फोटो दालनानं काढला का?" मी.
तेवढ्यात श्रावणी आईच्या पदराआडून बाहेर आली. आठवड्यात पहिल्यांदा परक्या माणसापुढे.
"तुम्ही मले हाक काहून नाही मारली?"
साहेब खाली वाकले, आवाज मऊ करून. "बेटा, मी खूप लांब होतो. तलावापलीकडे."
"पण तुम्हाले तं मी जवळच दिसून राहिली होती."
साहेबांनी माझ्याकडे बघितलं.
"दालनाशी बोलून कळवतो," म्हणाले आणि गेले. कागद सहीशिवाय सुधाकरकडेच.
उद्या सोमवार. श्रा.चं दप्तर अजून खुंटीवर आहे.