कोपराखाली चार इंच

तीर्थपुरी,
६ सप्टेंबर २००४

प्रिय उमा,

पाकिटावरचं अक्षर बघून ओळखलंस का? न्हाई ओळखलं तर सांगते, मी बेबीनंदा. जालन्याच्या कॉलेजातली, सेल्समनशिपच्या वर्गातली. तातेराव सर "बेबीनंदा, उभी राहा" म्हणायचे अन् मी उभीच असायची, ती. आता तरी हसलीस ना? हस बाई. पुढं हसण्यासारखं फार न्हाई.

तुझा पत्ता तुझ्या आईकडून, सुहासिनीकाकूंकडून घेतला. मागच्या महिन्यात त्या आमच्या सदर बाजारातल्या दुकानात ब्लाउजपीस घ्यायला आल्त्या. मी मापून दिलं, घडी घातली, अन् हात सोडेचना त्यांचा. त्यांनी सांगितलं, भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरात असतेस, दोन पोरं आहेत, जावईबापू शांत आहेत. अन् म्हणाल्या, क्वार्टरात भिंतीला खिळा ठोकायची परवानगी न्हाई, म्हणून उमा दर दिवाळीला कपाट अन् कॉटच इकडून तिकडं हलवीत बसते. काकूंसमोर मी हसले. त्या गेल्यावर आत अस्तराच्या ठाणांमागं जाऊन रडले. शेठनं विचारलं, काय झालं? म्हटलं, धूळ फार झाली हो.

आता माझं सांगते. माझं लग्न झालं, मालकांचं नाव देवानंद, तीर्थपुरी-घनसावंगी जीप चालवतात. दहा माणसांच्या जागेत सतरा बसवतात, तू असतीस तर त्यांना बैठकव्यवस्थेत पैकीच्या पैकी दिले असतेस. सदर बाजारात मी अकरा वर्षं काढली, उमा. काउंटर छातीला लागायचा, म्हणून घरून एक पाट नेल्ता, त्याच्यावर उभी राहून कापड मापायचे. तरी बायका "त्या ठेंगण्या बाईला बोलवा" म्हणून माझ्याचकडं यायच्या. अन् आता खरी बातमी. इथं तीर्थपुरीत स्टँडजवळ गाळा घेतलाय. बायकांच्या कपड्यांचं दुकान, माझं स्वतःचं. दसऱ्याला उघडायचंय. पोळा आठ दिवसांवर आला, म्हणजे दिवस फार राह्यले न्हाईत.

गाळ्यात पहिल्यांदा पाय टाकला तेव्हा रिकाम्या भिंती बघून मला आपली पत्र्याची शेड आठवली. आठवते का ग? एका लांब शेडमध्ये दोन वर्ग बसवल्ते. इकडं आमचं सेल्समनशिप, तिकडं तुमचं इंटिरियर, अन् मधी प्लायची आडभिंत, जी तुमच्याच वर्गानं पहिलं प्रॅक्टिकल म्हणून उभी केल्ती. दिसायला झकास, पण आवाज बिलकुल अडवायची न्हाई. तुमच्या मॅडम "खोलीत उजेड डावीकडून घ्या" म्हणाल्या की आमची पोरं डावीकडं बघायची. आमच्याकडं मी "या ताई, बसा, काय दाखवू" म्हटलं की तिकडून तू बारीक आवाजात म्हणायचीस, "काही नको, नुसतं बघायला आले." सर चिडायचे, मी ओठ चावून हसू दाबायचे. तोंड बघायच्या आधी मी तुझा आवाजच ओळखत होते.

तू मार्तंडकाकांची, तहसीलच्या मोठ्या कारकुनाची पोर. शुद्ध बोलायचीस, पेन्सिलीला टोक काढून पेटीत ठेवायचीस. मी आत्याकडं राहून शिकणारी, खेड्यातली. तरी तू डबा उघडलास की अर्धा माझ्यापुढं सरकवायचीस अन् माझी ठेच्याची भाकर ओढून घ्यायचीस. मोती तलावाच्या काठावर बसून आपण दुकान काढायचो, हवेतच. तू मांडायचीस, मी विकायची. पाटी कुठं, आरसा कुठं, लेकुरवाळ्या बाईनं पोरगं कुठं बसवायचं, सगळं तू बोटानं मातीत काढायचीस. मला आजही वाटतं, जगात माझ्या सुखाची म्हणून तेवढीच जागा होती. एवढं मी मालकांनाबी कधी सांगितलं न्हाई.

अन् मंग बारावीचं ते मोठं प्रॅक्टिकल आलं. दोन्ही वर्गांनी मिळून शेडमध्ये खरं दुकान उभं करायचं. तुमच्यातल्या एकीचा आराखडा, आमच्यातल्या एकीची विक्री. चिठ्ठ्या टाकल्या अन् तुझं-माझं नाव निघालं. किती नाचलो आपण! पण तू लगेच पेटी उघडून पेन्सिलीला टोक काढायला बसलीस. मला ठाऊक होतं का ते. काकांनी तुला सांगून ठेवल्तं, फर्स्ट क्लास मिळाला तर औरंगाबादला डिप्लोमाला पाठवतो, न्हाई मिळाला तर आलेलं स्थळ पक्कं करतो. म्हणजे तुझं सगळं ह्या एका दुकानावर आलं होतं.

सरावाच्या दिवशी जुन्या टेबलावर कापड मापताना माझी कोण फजिती झाली! कोपर वर जायचे, कापड घसरायचं, मीटरपट्टी गळ्याशी यायची. सगळी पोरं हसली, तू हसली न्हाईस. म्हणालीस, "बेबी, चपला काढ." मला मातीवर सरळ उभी केलीस, हात कोपरात वाकवायला लावलास अन् टेप धरलीस. चौतीस इंच. "कोपराखाली चार इंच सोडले की तीस. आपला काउंटर तीस इंचांचा." मी म्हटलं, अग, पुस्तकात छत्तीस लिहिलंय. तर म्हणालीस, "पुस्तकात तू कुठं आहेस?" कॉलेजचं सुतारकाम करणाऱ्या साहेबराव मिस्त्रींनी तसाच काउंटर ठोकून दिला. मी त्याच्यापुढं उभी राहिले अन् हात आपोआप कापडावर सपाट पडले. माझं माप घेऊन कुणी काही बनवलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. घरात कपडेसुद्धा थोरल्या बहिणीचेच अंगावर यायचे.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले सर दोन्ही वर्गांना मिळून एकच होते. आधी त्यांनी तुझा आराखडा पाहिला, तुला बाहेर जायला सांगितलं, अन् मंग गिऱ्हाईक होऊन माझ्यापुढं आले. मी टॉवेल दाखवले, चादर उलगडली, सगळं बराबर चाललं होतं. एवढ्यात काउंटरवर हात टेकायला ते वाकले अन् म्हणाले, "अहो बाई, हा काउंटर एवढा बुटका कसा? माप चुकलंय की काय?" आमच्या तातेराव सरांनी दोन वर्षं एकच घोकून घेतलेलं. गिऱ्हाईकानं मालाला नाव ठेवलं की आधी "होय" म्हणायचं, त्याचा मान राखायचा, अन् मंग "पण" म्हणून मालाची बाजू मांडायची. मी म्हटलं, "होय साहेब, बराबर आहे तुमचं. माप चुकलंच." हसून म्हटलं, शिकवलं होतं तसं. अन् ते लगेच कागदावर लिहायला लागले. मान खाली घालून लिहीत होते, उमा, अन् माझं "पण" घशातच राहिलं. मधी बोलावं तर गिऱ्हाईकाशी हुज्जत होईल, मार्क जातील, एवढंच डोक्यात आलं. एका वाक्याचं काम होतं. मी चादरीची घडी घालत राहिले.

बाहेर आले तर तू ओसरीवरून येत होतीस. विचारलंस, काय म्हणाले? मी म्हटलं, चांगलं म्हणाले. ते खोटं होतं. तू मान हलवलीस अन् माझ्या केसाला लागलेला सुताचा धागा काढलास.

जूनमध्ये निकाल लागला. मी वर्गात पहिली. बाहेरून आलेल्या सरांनी शेरा लिहिलेला, गिऱ्हाईकाशी वाद घालत नाही. तुझ्या आराखड्याचे मार्क कापले, मापाची मूलभूत चूक म्हणून, अन् तुझा फर्स्ट क्लास सात मार्कांनी गेला. तुळशीचं लगीन झालं अन् महिन्याच्या आत तुझं. मी लग्नात आल्ते, तुझ्या हातात आहेराचं पाकीट दिलं, तू मला मिठी मारलीस, अन् तेव्हाही मी बोलले न्हाई. त्यानंतर तुझी दोन पत्रं आली. मी उत्तर लिहायला बसायचे, प्रिय उमा लिहायचे अन् पुढं हात चालायचा न्हाई. काय लिहिणार? नोकरी लागली म्हणून लिहू? कशाच्या जिवावर लागली? मंग तुझीबी पत्रं थांबली. तुला वाटलं असेल, पोर शहाणी झाली, विसरली. विसरले न्हाई ग. सदर बाजारात पाटावर चढताना रोज तू आठवायचीस, अन् दिवसातून तीस वेळा चढायचे मी.

हे सगळं मी आणखी अकरा वर्षं पोटात ठेवलं असतं. पण परवा गाळ्याचं सुतारकाम ठरवायला साहेबराव मिस्त्रींना जालन्याहून बोलावलं. आता म्हातारे झालेत, चष्मा दोरीनं बांधतात. काउंटरची उंची विचारली अन् मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "त्या कुलूपबंद पोरीचा काउंटर करायचा ना, कोपराखाली चार इंचवाला?" मी म्हटलं, कुलूपबंद का हो? तर म्हणाले, तोंडाला कुलूप लावून बसली म्हणून, अन् सगळं सांगितलं. परीक्षेच्या वेळी ते आडभिंतीच्या पलीकडं होते, बिजागरी बसवीत. अन् तू त्यांच्याशेजारी होतीस, ओसरीवर नव्हतीस. सर माप चुकलंय म्हणाले ते तुम्ही दोघांनी ऐकलं. मी होय म्हटलं तेही ऐकलं. मिस्त्री उठले होते, म्हणाले, थांब, मी जाऊन सांगतो साहेबाला, माप मुद्दाम घेतलंय. तर तू त्यांचं मनगट धरलंस अन् हळूच म्हणालीस, "मिस्त्री, गप्प राहा. तिची परीक्षा चालू आहे." अन् मागच्या दारानं ओसरीवर गेलीस.

म्हणजे तुला माहीत होतं. मला विचारलंस तेव्हा माहीत होतं, निकालाच्या दिवशी माहीत होतं, लग्नात मिठी मारलीस तेव्हाही. त्या प्लायमधून सगळं ऐकू जातं हे मला ठाऊक असून अकरा वर्षांत एकदाही माझ्या ध्यानात आलं न्हाई. मी मिस्त्रींना सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं.

उमा, मिस्त्री मला दोन वेळा विचारून गेले, तीस इंचच धरू ना? मी त्यांना थांबवलंय. आकडा मला पाठ आहे, पण मी तो सांगणार न्हाई. तू ये. भुसावळहून जालन्यापर्यंत तू ये, पुढं मालक जीप घेऊन येतील अन् तुला एकटीला पुढच्या सीटवर बसवतील, तसं वदवून घेतलंय. पोरांनाही आण. टेप आण. इथं खिळे ठोकायला, भिंत पाडायला, कशालाच कुणाची परवानगी लागत न्हाई. चार भिंती कोऱ्या आहेत अन् काउंटरची जागा मी खडूनं आखून मोकळी ठेवलीये. रागावलेली असशील तर रागावूनच ये, अन् माझं माप घेता घेता काय बोलायचं ते बोल. मी चपला काढून उभी राहीन. अन् त्या सरांपुढं जे माझ्या घशात राहिलं ते आता तुझ्यापुढं पुरं करते. होय, काउंटर बुटका होता. पण तो माझ्यासाठी होता.

वाटेवर नजर लावून बसलेली,
तुझीच ठेंगणी
बेबीनंदा