पितृपक्षातल्या गोळ्या

नाना, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, तरी तुमचा नियम पाळता पाळता मी माझं यकृत बिघडवून घेतलं. माझं तरी कसं म्हणू? ते ताईचं. माझं निकामी झालं तेव्हा सरदारपूरच्या ताईने आपल्या यकृताचा तुकडा मला दिला. जातीबाहेर लग्न केलं म्हणून तुम्ही जिला धारच्या घराचं दार बंद केलंत, तीच तुमची लेक. एका दिवाळीला ती आलीच होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी टेकली, चहा न पिता गेली, आणि तुम्ही ती जागा धुवायला लावलीत. बादली मी आणून दिली. मी तेव्हा नोकरीला लागलेलो होतो, लहान नव्हतो. ती ओली फरशी आठवली की आजही मला माझी किळस येते.

शरीर परक्या यकृतावर धावून जातं, म्हणून त्याला आवरणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात. पण माझ्या शरीराने ताईचं यकृत बिनतक्रार आपलं मानलं होतं. डॉक्टर दर महिन्याला रक्त काढत, त्यातली यकृताची खबर देणारी प्रथिनं बघत आणि गोळी जराशी कमी करत. "शायद एक दिन बंद ही हो जाए," ते म्हणाले, "बस नागा मत करना." म्हणजे एकही गोळी चुकवायची नाही. मग पितृपक्ष आला. तर्पण झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा तुमचा नियम. देवासला आमचे गुरुजी एक आणि घरं दहा. ते येतात तेव्हा बारा वाजून गेलेले असतात. सकाळच्या गोळीची वेळ टळलेली असते, आणि मी म्हणतो, जाऊ दे, आता संध्याकाळचीच घेऊ. असे पंधरा दिवस.

पुढच्या तपासणीत यकृताचे आकडे चढलेले निघाले. शरीर उलटलं होतं. इस्पितळात ठेवून, मोठा डोस देऊन ते कसंबसं शांत केलं. गोळ्या सुटण्याची गोष्ट आता डॉक्टर काढत नाहीत. भक्तीबिक्ती काही नव्हती, नाना. साठीला आलेला माणूस मेलेल्या बापाला भ्यायला, याची शिसारी येते. तुमचीही येते, हे तुमच्या तोंडावर कधी बोललो नसतो.

ताईने उशाशी बसून इकडच्या हिंदी ढंगात विचारलं, "क्या भिया, गोळ्या राहिल्या कशा रे?" मी म्हणालो, दुकानात मिळाल्या नाहीत. तेव्हापासून दर महिन्याला ती स्वतः सरदारपूरहून निघून, वाटेत इंदूरला गोळ्या घेऊन, दोन बस बदलून देवासला येते. उद्या यायची आहे, म्हणून हा कागद मला आजच फाडायला हवा.